चीड आणि कैल

पहाडावरून परतलेल्या माणसास तेथे काय काय पाहिले असे विचारावे, तर बर्फ, दऱ्या आणि वळणावळणांचे रस्ते यांच्या मागोमाग तो 'पाईनची झाडे' असे सांगून मोकळा होतो. या एका शब्दाच्या पोतडीत देवदार जातो, रई जाते, तोसही जातो. सुईसारखे पान आणि लाकडी शंकूसारखे फळ एवढी खूण पटली की झाले! मैदानी मुलखात जन्म काढलेल्या आपल्यासारख्यांना याबद्दल दोष तरी कसा द्यावा? कोकणातील किंवा गोव्याकडील वाचकांनी समुद्रकाठचे सुरूचे बन पाहिलेले असते. त्यातून वारा वाहू लागला म्हणजे दीर्घ निःश्वासासारखा जो आवाज निघतो, तोच पुढे हिमालयात कानी पडला की कोणी ओळखीचे भेटल्यासारखे त्यांना वाटते. परंतु सुरू हा पाईनच्या कुळातला नव्हेच. त्याला फुले येतात, आणि ज्यांना आपण त्याच्या सुया समजतो त्या सांध्यासांध्यांच्या बारीक डहाळ्या असतात. देवदाराची गोष्ट तर आपल्या भाषेतच बिघडली आहे. माल भरावयाच्या हलक्या खोक्याला आपण 'देवदारी खोके' म्हणत आलो. पण त्या फळ्यांत देवदार बहुधा औषधालाही नसतो. इतके मोलाचे लाकूड खिळे ठोकून फेकून देण्यासाठी कोण वापरील?

खरे पाईन जगात शंभराहून अधिक जातींचे आहेत. पश्चिम हिमालयात त्यांपैकी तीनच मुख्यतः भेटतात. एक चिलगोज्याचा, तो किन्नौरसारख्या कोरड्या मुलखात राहतो आणि त्याची आपली भेट सुक्या मेव्याच्या दुकानातच व्हावयाची. उरलेले दोघे म्हणजे चीड आणि कैल. हे दोघे एकाच डोंगराच्या दोन मजल्यांवर राहणारे शेजारी आहेत, आणि त्यांच्याविषयीच मला येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

माझी धाकटी बहीण यजमानांच्या नोकरीनिमित्त सोलनला असते. 2018 सालच्या मे महिन्यात ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याला कंटाळून मी तिच्याकडे गेलो. कालका ते सिमला ही अरुंद रुळांची गाडी 1903 साली सुरू झाली. शहाण्णव किलोमीटरांच्या वाटेत ती 656 मीटरांवरून 2,076 मीटरांपर्यंत चढते, आणि इतक्या सावकाश चढते की खिडकीत बसलेल्या माणसास झाडांची ओळख करून घ्यावयास भरपूर सवड मिळावी. प्रथम मैदानातली झुडपे मागे पडतात. धरमपूरच्या सुमारास तांबूस खोडांचे, विरळ, उजेडाने भरलेले बन सुरू होते. बडोगचा अकराशे मीटरांहून लांब बोगदा संपून गाडी फलाटाला लागली की दोहों बाजूंस तेच बन असते. हा चीड. पुढे सोलन, कंडाघाट, शोघी ही ठाणी मागे टाकून गाडी सिमल्याजवळ येऊ लागते, तेव्हा मात्र डोंगराचा रंगच पालटतो. हिरव्यात निळसर छटा मिसळते, देवदार व बाण ओक दिसू लागतात, आणि त्यांच्यामधून लोंबत्या पानांचे एक निराळेच झाड डोकावते. तो कैल. सुमारे चौदाशे मीटरांचा चढ, आणि त्यात एक पाईन संपून दुसरा सुरू झालेला असतो.

हा फरक माझ्या ध्यानी आणून दिला तो माझ्या भाचीने. ती तेव्हा सातवीत होती. सिमल्यास उतरल्यावर मी माना उंचावून झाडे पाहत होतो, तेव्हा ती म्हणाली, "मामा, वर काय पाहता? खाली पडलेलं पान उचला नि मोजा."

पाईनची पाने एकेकटी येत नाहीत, जुडीने येतात. सोलनहून तिने पिशवीत घालून आणलेली जुडी तीन सुयांची होती, हातभर नव्हे तरी चांगली वीतभर लांब, आणि बुडाशी तपकिरी कागदासारख्या म्यानात घट्ट धरलेली. सिमल्यास उचललेली जुडी पाच सुयांची निघाली. त्या सुया आखूड, नाजूक, आतल्या बाजूने पांढुरक्या रेघांच्या. त्या रेघांमुळेच झाडाला दुरून निळसर झाक येते. बुडाचे म्यान मात्र कैल लहानपणीच टाकून देतो. मग तिने आणखी एक गंमत दाखविली. तीन सुया एकत्र मिटल्या की त्यांची मिळून एक गोल काडी होते. म्हणजे चिडाची प्रत्येक सुई वर्तुळाचा तिसरा हिस्सा असते. कैलाच्या पाच सुया मिटल्या तरीही गोल काडीच होते, फक्त वाटेकरी पाच! भावंडांनी पोळी वाटून घ्यावी तसा हा प्रकार आहे. भूमितीच्या कोणत्याही पुस्तकात मी इतके सुरेख उदाहरण पाहिलेले नाही.

एवढी खूण कळली की बाकीचे भेद आपोआप दिसू लागतात. चिडाची साल जाड, तांबूस, खोल भेगांची, वाळून तडकलेल्या तळ्यासारखी. त्याचे खोड बऱ्याच उंचीपर्यंत फांद्यांवाचून चढते आणि पानांचे झुबके फांद्यांच्या टोकांशी कुंचल्याप्रमाणे उभे राहतात. फळ अंडाकृती, वजनदार, कठीण, आकड्यासारख्या टोकांचे. पोरे ते घरी आणून रंगवितात. कैलाची साल तरुणपणी गुळगुळीत असते आणि पुढेही पातळच राहते. त्याच्या फांद्या खोडाभोवती चक्राकार निघून आडव्या पसरतात, आणि त्यांच्या टोकांना देठाने लोंबणारी, केळ्यासारखी लांबट फळे येतात. त्या फळांवर राळेचे पांढरे थेंब सुकलेले असतात. हात लावला की दिवसभर बोटे चिकट! चीड साधारणतः पाचशे मीटरांपासून दोन हजारांच्या थोडा वर जातो. कैल अठराशेपासून साडेतीन हजारांच्याही वर चढतो. मधल्या दोन-तीनशे मीटरांच्या पट्ट्यात दोघे एकमेकांच्या अंगणात उभे असतात.

नावांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या मराठीत राग ती चीड, आणि हिमालयातला वृक्ष तो चीड. नेपाळात दोन्ही झाडांना सल्लो म्हणतात आणि चिडाला म्हणतात 'खोटे सल्लो'. मराठी माणूस हे ऐकून चमकेल. पण नेपाळीत खोटो म्हणजे राळ, तेव्हा त्या बिचाऱ्यावर खोटेपणाचा आरोप कोणीच केलेला नाही. संस्कृतात त्याचे नाव सरल. उंच, ताठ वृक्षाला ते शोभते खरे. परंतु काही भागांतल्या चिडाच्या खोडात तंतू दोरीच्या पिळासारखे वळलेले असतात. असे लाकूड वाळताना वाकडे होते आणि सुतार त्याला हात लावीत नाही. सरल नाव धारण करून आत पीळ बाळगणारी माणसेही आपण पाहतोच. असो.

शास्त्रीय नावांची कथा याहून मनोरंजक आहे. चीड हा पायनस रॉक्सबर्गाय आणि कैल हा पायनस वॉलिचियाना. विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटलंडचा वैद्य. कलकत्त्याजवळील शिबपूरच्या वनस्पतिउद्यानाचा तो 1793 पासून प्रमुख होता. नथॅनिएल वॉलिच हा डेन्मार्कचा शल्यवैद्य. डॅनिश लोकांच्या सेरामपूर वसाहतीत तो 1807 साली आला, इंग्रजांनी ते ठाणे घेतले तेव्हा कैदेत पडला, पुढे सुटला, आणि 1817 पासून 1846 पर्यंत त्याच उद्यानाचा प्रमुख झाला. मराठीची आरंभीची काही छापील पुस्तके ज्या सेरामपुरात विल्यम केरीने काढली, तेच हे गाव. रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर त्याचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ 1820 साली याच केरीने तेथे छापावयास घेतला, आणि त्यात भर घातली ती वॉलिचने. दोन झाडांची ही दोन नावे एका पुस्तकाच्या पानांवर अशी आधीच शेजारी आलेली होती.

त्याहून नवल पुढेच आहे. या दोन्ही वृक्षांची पहिली नावे निराळी आणि माझ्या मते अधिक सुंदर होती. चिडाचे नाव 'लांब पानांचा' या अर्थाचे, तर कैलाचे 'उत्तुंग' या अर्थाचे. पण ती नावे आधीच दुसऱ्या झाडांना दिली गेल्याचे आढळले, म्हणून नियमाप्रमाणे ती काढून घेण्यात आली. चिडाचे 1897 साली, कैलाचे 1938 साली. गुणांवरून पडलेली नावे गेली आणि माणसांवरून ठेवलेली राहिली.

आता इतके शेजारी, इतके सारखे, तेव्हा हे दोघे सख्खे भाऊ असावेत असे कोणालाही वाटेल. तसे नाही. पाईनच्या वंशाच्या दोन मोठ्या शाखा आहेत, कठीण लाकडाची आणि मऊ लाकडाची. सुईचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पहिल्या शाखेत पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे दोन जुडगे दिसतात, दुसरीत एकच. चीड पहिल्या शाखेतला, कैल दुसरीतला. हिमालय उभा राहण्याच्याही आधी या शाखा फुटल्या होत्या. म्हणजे ज्या डोंगरावर हे दोघे शेजारी झाले त्या डोंगराहून त्यांची वाटणी जुनी! चिडाचा खरा जवळचा नातलग पाहावयाचा तर अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांवर जावे लागते. तेथील पाईनही तीन सुयांचा, लांब पानांचा, जाड सालीचा आणि आगीला दाद न देणारा आहे. कैलाचे सोयरे पाच सुयांचे. त्यांतला एक बाल्कन प्रदेशातील डोंगरांत आणि एक अमेरिकेच्या पूर्व भागात.

चिडाशी माझा संबंध मात्र झाड पाहण्याच्या कितीतरी आधीचा आहे, हे मला सोलनच्या वाटेवर कळले. माझे वडील ग्वाल्हेरात व्हायोलिन शिकवीत. त्यांच्या पेटीत एका फडक्यात गुंडाळलेला पिवळा पारदर्शक खडा असे. वाजविण्यापूर्वी तो गजाच्या केसांवर घासावयाचा. घासला नाही तर गज तारेवरून नुसता घसरतो, सूर निघत नाही. तो खडा म्हणजे पाईनची शिजविलेली राळ. आपल्या देशात ही राळ मुख्यतः चिडापासून मिळते. खोडावर जखम करून खाली भांडे अडकवितात, त्यात ती थेंबथेंब उतरते. मग भट्टीवर तिच्यातले टर्पेंटाईन वाफेच्या वाटेने निघून जाते आणि खाली असा खडा उरतो. हिमाचलात नाहन व बिलासपूर येथे याचे सरकारी कारखाने निघाले. सोलनच्या बनात मी अशा जखमांची ओळच्या ओळ पाहिली. एका भांड्यात वाकून वास घेतला आणि चाळीस वर्षांपूर्वीची आमची माडी, सकाळचा रियाज आणि वडिलांची बोटे सारे एकदम समोर उभे राहिले. त्यानंतर चिडाविषयी त्रयस्थपणे बोलणे मला जड जाते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

कारण चिडाविरुद्ध बोलणारे फार आहेत, आणि त्यांचे बरेचसे खरेही आहे. या झाडाने आगीशी मैत्री केलेली आहे. ऐन उन्हाळ्यात, नेमक्या कोरड्या दिवसांत, त्याच्या सुया गळतात. त्या लवकर कुजत नाहीत. उतारावर गालिच्यासारख्या पसरतात. त्यांत राळ असते, आणि एखादी विडी त्यांना पुरते. वणवा बनातून सरसर निघून जातो, पण मोठ्या चिडाची दोन बोटे जाड साल वरवर करपते आणि झाड जगते. कोवळे रोप जळाले तरी बुडापासून पुन्हा फुटते. मेघदूतात कालिदासाने सरलाच्या खोडांच्या घर्षणातून पेटणाऱ्या आगीचा उल्लेख केला आहे. म्हणजे ही कीर्ती दीड हजार वर्षांची तरी आहे. मात्र आज काडी लावणारा हात बहुधा माणसाचाच असतो. सुयांखाली गवत गुदमरते, म्हणून पावसाळ्यात गुरांना हिरवे गवत मिळावे यासाठीही उतार पेटविले जातात. त्यातून राळेसाठी केलेली जखम हे आगीला उघडे ठेवलेले दार ठरते. निसर्गाने दिलेले चिलखत आपणच कापावयाचे, आणि झाड जळले की त्याला ज्वालाग्राही म्हणावयाचे!

कुमाऊँ-गढवालात तर हा वाद फार जुना आहे. इंग्रजी अमदानीत रेल्वेचे स्लीपर व राळ यांसाठी चिडाला मान मिळाला, बने राखीव झाली आणि गावकऱ्यांचे गवत-लाकडाचे हक्क आवळले गेले. 1921 साली लोकांची चीड अखेर चिडावर निघाली. कित्येक राखीव बने त्यांनी पेटवून दिली. ओकाचा पाला गुरे खातात, त्याच्या सावलीत माती ओलसर राहते. चिडाच्या सुया गोठ्यात अंथरावयापलीकडे विशेष कामाच्या नाहीत. गवताला गेलेल्या बायका या सुयांवरून घसरून दरीत जातात, हे शहरातल्या माणसाच्या कानी येत नाही. जून 2024 मध्ये अल्मोड्याजवळील बिनसर अभयारण्यात वणवा विझविण्यास गेलेले वनखात्याचे चार जण जागच्या जागी मृत्यू पावले. चिडाचे कौतुक करताना हे सारे गिळून टाकणे बरे नव्हे.

कैलाला आगीचे हे कसब साधलेले नाही. त्याची साल पातळ. जोराचा वणवा खालून आला की तो उभ्याउभ्या संपतो. बर्फाच्या ओझ्यानेही त्याची कोवळी झाडे मोडतात. पण त्याच्यापाशी दुसरी विद्या आहे. त्याच्या हलक्या, पंख असलेल्या बिया शरद ऋतूत वाऱ्यावर निघतात, आणि कडा कोसळून उघडी पडलेली माती, सोडून दिलेले शेत, जळून मोकळा झालेला उतार, जेथे उजेड असेल तेथे रुजतात. त्याच्या आश्रयाने मागाहून देवदारही वाढतो. त्याचे लाकूड मऊ, रंधा सुखाने चालू देणारे. पहाडी घरांची दारे-खिडक्या त्याची असतात, आणि देवदाराच्या खालोखाल त्याला भाव आहे.

माझ्या त्याच मुक्कामात कंडाघाटाहून चैलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका उतारास आग लागली. रात्री सोनेरी माळ डोंगरावर चढताना दिसावी तसे ते दृश्य होते, आणि ते सुंदर दिसत होते याचीच मला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मी व भाची मेहुण्यांबरोबर तिकडे गेलो. रस्त्याच्या खाली चिडाची खोडे माणसाच्या उंचीपर्यंत कोळशासारखी काळी, पण शेंडे हिरवे. राळेच्या जखमेतून पेटलेले एक झाड तेवढे आडवे झाले होते. रस्त्याच्या वरच्या अंगास दहा-बारा कैल होते. ते सारे शेंड्यापर्यंत तांबूस झालेले, आणि हात लावला तर सुया झडत. तेथे विळा घेऊन एक वृद्ध बाई बसली होती. मी विचारले, "अम्मा, हे जगतील का?"

ती म्हणाली, "कैल नाही जगायचा, भाईजी. त्याला आग सोसत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा चील या वळणाच्या खाली होता. आता बघा, वर आलाय." आमच्या चिडाला तिकडे चील म्हणतात. पुढे ती आपणहोऊन म्हणाली, "गवत मात्र यंदा चांगलं येईल."

तिच्या बोलण्यात ना चिडाविषयी राग होता, ना कैलाविषयी शोक. तिला सहा महिने गुरांना घालावयाचे होते. पुस्तके वाचून चिडाला खलनायक ठरविणाऱ्यांना, आणि व्हायोलिनच्या खड्यावरून त्याची वकिली करणाऱ्या मलाही, त्या विळ्याचा हिशेब सुचला नसता.

2021 सालच्या ऑक्टोबरात पुन्हा सोलनला जाणे झाले. भाची आता दहावीत, उंचीने माझ्या बरोबरीची. तिनेच त्या वळणाची आठवण काढली. जळलेले कैल कोणीतरी तोडून नेले होते, खुंट होते. खालच्या चिडांच्या सालीवरचा काळिमा पावसाने धुऊन बराच फिका झाला होता, आणि उतारावर कमरेएवढे गवत कापणीला आले होते. आम्ही त्यात वाकून शोधू लागलो. एका खुंटाच्या आडोशाला वीतभर उंचीचे एक रोप सापडले, मग दुसरे, मग आणखी चार-पाच. वरच्या कड्यावर शाबूत राहिलेल्या कैलांच्या बिया वाऱ्याने खाली आल्या असाव्यात. भाचीने जुडी न तोडता, नखाच्या टोकाने सुया अलग करून मोजल्या. पाच होत्या. हाताभराच्या अंतरावर त्याच गवतात तीन सुयांचीही रोपे होती. ती संख्येने थोडी कमी होती, पण उंचीने चार बोटे अधिक भरली.